कॉलेजचा डिफेन्सिव्ह बॅक एनएफएलमध्ये टिकेल का? फिल्म पाहून ठरवण्याची पद्धत

२०२३च्या एनएफएल ड्राफ्टमध्ये, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगमधले संघ कॉलेजचे खेळाडू निवडतात तिथे, लागोपाठ दोन कॉर्नरबॅक (पास झेलणाऱ्यांना रोखणारे खेळाडू) निवडले गेले. सोळाव्या क्रमांकावर वॉशिंग्टनने मिसिसिपी स्टेटचा इमॅन्युएल फोर्ब्स घेतला आणि सतराव्यावर न्यू इंग्लंडने ऑरेगॉनचा ख्रिस्तियन गोन्झालेझ. फोर्ब्सच्या नावावर कॉलेजमध्ये १४ इंटरसेप्शन (समोरच्या संघाचा पास मधेच झेलणं) होती. त्यांतली ६ त्याने थेट टचडाउनपर्यंत नेली होती आणि हा कॉलेज फुटबॉलच्या वरच्या विभागातला विक्रम होता. गोन्झालेझच्या खात्यात तीन मोसमांत मिळून ४ इंटरसेप्शन होती, तीही सगळी शेवटच्या वर्षातली. कोलोरॅडोतल्या पहिल्या दोन वर्षांत एकही नव्हतं. पुढे काय झालं? दुसरा मोसम संपायच्या आत वॉशिंग्टनने फोर्ब्सला सोडून दिलं. त्याच मोसमात गोन्झालेझ ऑल-प्रोच्या, म्हणजे मोसमातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या, दुसऱ्या संघात निवडला गेला.

प्रशिक्षक बदलणं, दुखापत, संघाची एकूण अवस्था या गोष्टी करिअरवर परिणाम करतातच. पण या दोघांतला एक फरक ड्राफ्टच्या आधीही दिसत होता. कम्बाइनला, म्हणजे ड्राफ्टआधीच्या शारीरिक चाचण्यांत, फोर्ब्सचं वजन १६६ पौंड भरलं होतं, म्हणजे जेमतेम ७५ किलो. त्याचा खेळ चेंडूचा अंदाज बांधून झेप घेण्यावर उभा होता. गोन्झालेझ १९७ पौंडांचा होता आणि मागे सरकताना कुठल्याही बाजूला वळला तरी त्याचा वेग तुटत नव्हता. पहिल्याची कमाई हायलाइटच्या व्हिडिओत मावत होती. दुसऱ्याचं काम समजायला चेंडू त्याच्याकडे न आलेले स्नॅप (चेंडू खेळात येऊन सुरू होणारे एकेक डाव) बघावे लागत होते.

या लेखात तेच सांगायचं आहे. डिफेन्सिव्ह बॅकची, म्हणजे पास अडवणाऱ्या कॉर्नर आणि सेफ्टी या खेळाडूंची, खरी परीक्षा चेंडू हवेत जाण्याच्या आधीच्या अडीच-तीन सेकंदांत होते, आणि बहुतेक वेळा त्याच्याकडे चेंडू न येणं हाच त्याचा निकाल असतो. अमेरिकेतल्या कोलंबस, ॲन आर्बर, कॉलेज स्टेशन अशा गावांत शिकायला गेलेली मराठी मुलं दर शनिवारी हा खेळ बघतात, आपल्या कॉलेजच्या खेळाडूचं पुढे काय होईल यावर हिरिरीने बोलतात. त्यांना आणि भारतात जागून ड्राफ्ट बघणाऱ्यांना उपयोग होईल अशी ही पद्धत आहे.

पायरी १ : आधी काम ठरवा

‘हा चांगला डिफेन्सिव्ह बॅक आहे का’ या प्रश्नाला नेमकं उत्तर मिळत नाही. ‘कुठल्या कामासाठी’ हे आधी विचारावं लागतं. बाहेरचा कॉर्नर साइडलाइनजवळ एकट्या रिसीव्हरला (पास झेलणाऱ्याला) सांभाळतो. त्याच्याकडे उंची, लांब हात आणि सरळ धावेचा वेग लागतो. निकेल, म्हणजे स्लॉटमधल्या (आतल्या बाजूच्या) रिसीव्हरसमोरचा खेळाडू, दोन्ही बाजूंना मोकळ्या मैदानात बचाव करतो. साइडलाइनचा आधार त्याला मिळत नाही आणि धावत्या खेळात तो मधल्या गर्दीच्या जवळ असतो, म्हणून चपळाई आणि टॅकल दोन्ही हवं. सेफ्टीत, म्हणजे मागच्या फळीतल्या बचावपटूंतही, दोन प्रकार आहेत. एक मैदानाच्या मधोमध खोल उभा राहून दोन्ही साइडलाइनपर्यंत पोहोचणारा, दुसरा स्क्रिमेज रेषेजवळ (जिथून डाव सुरू होतो) येऊन टाइट एंड (धिप्पाड रिसीव्हर) आणि धावपटूंना भिडणारा.

कॉलेजचे संघ या जागांना आपापली नावं देतात. अलाबामात निकेलला ‘स्टार’ म्हणतात. नावावर जाऊ नका, स्नॅपच्या वेळी तो कुठे उभा आहे ते लिहून काढा. ब्रायन ब्रँच अलाबामात याच जागेवर खेळायचा. २०२३च्या कम्बाइनला त्याने ४० यार्ड ४.५८ सेकंदांत कापले आणि तो ४५व्या क्रमांकापर्यंत घसरला. बाहेरच्या कॉर्नरला ही वेळ अडचणीची ठरली असती. ज्या कामासाठी डेट्रॉइटने त्याला घेतलं त्यात त्याची पारख आणि टॅकल जास्त महत्त्वाचे होते, आणि दुसऱ्याच वर्षी तो प्रो बोल या मानाच्या सामन्यासाठी निवडला गेला.

पायरी २ : दोन मैदानांतला फरक डोक्यात ठेवा

बरेच जण ही पायरी सोडून देतात, आणि तिथेच त्यांचं गणित चुकतं. मैदानाची रुंदी दोन्हीकडे सारखीच, १६० फूट. पण चेंडू जिथे ठेवला जातो त्या हॅश खुणांमधलं अंतर कॉलेजमध्ये ४० फूट आहे, एनएफएलमध्ये फक्त साडेअठरा फूट. कॉलेजमध्ये चेंडू हॅशवर असेल तर एका बाजूला १०० फूट मोकळं मैदान असतं आणि दुसऱ्या बाजूला ६०. अरुंद बाजूच्या कॉर्नरला साइडलाइन जवळ मिळते. शिवाय त्याच्या डोक्यावर सेफ्टीची मदतही पटकन पोहोचते. रुंद बाजूच्या कॉर्नरकडे लांबचा पास टाकायला कॉलेजच्या अनेक क्वार्टरबॅकांचा (पास टाकणाऱ्यांचा) हात पुरत नाही. एनएफएलमध्ये चेंडू बहुतेक वेळा मैदानाच्या मध्याजवळच असतो आणि लांब पास टाकणारा हात प्रत्येक संघाकडे आहे. म्हणून खेळाडू कायम एकाच बाजूला उभा राहतो की समोरच्या सर्वोत्तम रिसीव्हरच्या मागे मैदानभर फिरतो, हे पहिल्या सामन्यातच टिपून ठेवा.

नियमही वेगळे आहेत. एनएफएलमध्ये स्क्रिमेज रेषेपासून ५ यार्डांपुढे रिसीव्हरला हात लावला की दंड आणि आपोआप पहिला डाउन, म्हणजे आक्रमणाला पुन्हा चार प्रयत्न. कॉलेजमध्ये असा नियम नाही. पास हवेत जाईपर्यंत बचावपटू बरीच धक्काबुक्की करू शकतो. त्यामुळे कॉलेजच्या फिल्मवर भक्कम वाटणारा एखादा कॉर्नर प्रत्यक्षात आठव्या-दहाव्या यार्डावर रिसीव्हरची जर्सी पकडून उभा असतो. त्याचे हात रेषेपासून किती दूरपर्यंत चालतात, ते मोजा. पास इंटरफिअरन्सचा (पास हवेत असताना रिसीव्हरला अडवण्याचा) दंड कॉलेजमध्ये जास्तीत जास्त १५ यार्ड आहे. एनएफएलमध्ये चूक जिथे घडली तिथे चेंडू जातो, मग ते अंतर ४० यार्डांचं का असेना. कॉलेजमध्ये मागे पडल्यावर रिसीव्हरला ओढून १५ यार्ड देणं हा शहाणपणाचा सौदा ठरू शकतो. व्यावसायिक खेळात त्याच सवयीमुळे सामना हातचा जाऊ शकतो.

एक नियम मात्र बचावपटूच्या बाजूने आहे. कॉलेजमध्ये झेल पूर्ण व्हायला एक पाय आत पुरतो, एनएफएलमध्ये दोन लागतात. साइडलाइनकडे रिसीव्हरला दाबत नेणाऱ्या कॉर्नरला याचा फायदा होतो. अशा कॉर्नरवर कॉलेजमध्ये झालेले एक-दोन झेल माफ करायला हरकत नाही.

पायरी ३ : सामने निवडा, हायलाइट बाजूला ठेवा

संपूर्ण सामने बघा. चार-पाच पुरतात, पण ते विचारपूर्वक निवडायला हवेत. एक सामना एनएफएलच्या तोडीच्या रिसीव्हरविरुद्धचा, एक तो वाईट खेळला असं सगळे म्हणतात तो, एक मोसमाच्या सुरुवातीचा आणि एक शेवटचा. जमलं तर आदल्या वर्षातला एक. वाईट सामन्यातून सर्वांत जास्त कळतं. पहिल्या सत्रात टचडाउन दिल्यावर तो पुढच्या मालिकेत (चेंडू पुन्हा समोरच्या संघाकडे आल्यावर) दोन पावलं मागे उभा राहायला लागतो का, तेवढं बघितलं तरी बरंच समजतं.

टीव्हीचा कॅमेरा चेंडूमागे जातो आणि कॉर्नर दुसऱ्या-तिसऱ्या सेकंदाला चौकटीबाहेर जातो. बावीसच्या बावीस खेळाडू दिसतील अशी फिल्म संघांकडे असते. कॉलेजची तशी फिल्म सामान्य प्रेक्षकाला सहसा मिळत नाही. त्यावर उपाय आहेत. स्नॅपच्या आधी व्हिडिओ थांबवून त्याची जागा, अंतर आणि तो रिसीव्हरच्या आतल्या बाजूला आहे की बाहेरच्या, हे टिपा. रिप्ले सोडू नका. आणि २० यार्डांच्या आतले, एंड झोनजवळचे स्नॅप निवडून बघा. तिथे मैदान आखूड होतं, त्यामुळे जवळजवळ सगळे खेळाडू चौकटीत मावतात आणि मागे धावायला जागा नसल्याने बचावपटूचं तंत्र उघडं पडतं.

एका सामन्यात बचावाला साठ-सत्तर स्नॅप मिळतात. कॉलेजमध्ये त्यातले कितीतरी स्क्रीन पास (रेषेमागचे छोटे पास) किंवा धावा असतात, त्यात कॉर्नरची कव्हरेजची (रिसीव्हरला झाकण्याची) परीक्षाच होत नाही. ते बाजूला काढून उरलेल्या स्नॅपसाठी एक वही करा. डाउन आणि अंतर, मॅन (एका रिसीव्हरला धरून) की झोन (ठरलेली जागा सांभाळून), प्रेस (रिसीव्हरच्या अगदी समोर) की लांबून, क्वार्टरबॅकचा हात पुढे आला तेव्हा तो रिसीव्हरपासून किती दूर होता, आणि चेंडू त्याच्याकडे आला की नाही. यातला चौथा रकाना सर्वांत मोलाचा आहे.

पायरी ४ : पाय, कंबर, डोळे

आता मुख्य काम. एक स्नॅप तीनदा बघा आणि प्रत्येक वेळी एकाच गोष्टीकडे लक्ष द्या.

पहिल्यांदा पाय. प्रेसमध्ये रिसीव्हर एका यार्डावर समोर असतो आणि पहिल्या पावलात हुलकावणी देतो. चांगला कॉर्नर तिथे थांबून राहतो, छोट्या पावलांनी आडवा सरकतो आणि रिसीव्हरने खरी दिशा घेतल्यावरच कमरेतून उघडतो. कच्चा कॉर्नर पहिल्याच हुलकावणीला एक पाय मागे टाकून दार उघडून देतो. मग रिसीव्हर विरुद्ध बाजूने आत शिरतो. हात कधी मारतो तेही बघा. पाय जागेवर असताना हात मारला तर रिसीव्हरची चाल मोडते. पाय थांबवून नुसते हात पुढे फेकले आणि चुकले, तर कॉर्नर तिथल्या तिथे हरला. लांबून खेळताना, म्हणजे सात-आठ यार्ड मागे असताना, बॅकपेडल (तोंड पुढे ठेवून मागे सरकणं) बघा. छाती गुडघ्यांच्या वर झुकलेली आहे का, की घाबरून सरळ उभा होतो? सरळ उभा झालेल्याला पुढे झेपावण्याआधी पुन्हा खाली बसावं लागतं, आणि तेवढ्या वेळात समोरचा छोटा पास पूर्ण होतो.

दुसऱ्यांदा कंबर. माझ्या मते सबंध परीक्षणात हीच गोष्ट सर्वांत जास्त गुणांची आहे, कारण प्रशिक्षक पाय शिकवू शकतात, हातांची वेळ शिकवू शकतात, पण अडकणारी कंबर फारशी मोकळी करता येत नाही. बॅकपेडलमधून वळून रिसीव्हरबरोबर धावायला लागण्याचा तो एक क्षण पुन्हा पुन्हा बघा. वळताना एखादं फालतू पाऊल पडतं का? शरीर वर उचललं जातं का? आणि मुख्य म्हणजे, चुकीच्या बाजूला वळल्यावर तो परत कसा फिरतो? प्रत्येक जण कधीतरी चुकीच्या बाजूला वळतोच. चांगला खेळाडू डोकं फिरवून, पाठ क्षणभर रिसीव्हरकडे करून, दोन पावलांत पुन्हा बरोबरीला येतो. ताठ कंबरेचा खेळाडू मोठं वर्तुळ काढतो आणि तीन यार्ड गमावतो. डाव्या आणि उजव्या बाजूची वेगळी नोंद ठेवा. अनेकांना एका बाजूला वळणं सोपं जातं आणि एनएफएलचे रिसीव्हर हे दोन आठवड्यांत शोधून काढतात.

तिसऱ्यांदा डोळे. मॅन कव्हरेजमध्ये त्याची नजर रिसीव्हरच्या कंबरेवर हवी. कबड्डीत कोपऱ्यातला खेळाडू चढाई करणाऱ्याच्या हातवाऱ्यांना न भुलता त्याच्या कमरेवर आणि पायांवर लक्ष ठेवतो, तसंच इथे. क्वार्टरबॅककडे चोरून बघायची सवय असलेला कॉर्नर कॉलेजमध्ये इंटरसेप्शन मिळवतो, कारण तिथले क्वार्टरबॅक आपला पास डोळ्यांनी आधीच सांगून टाकतात. एनएफएलमध्ये त्याच सवयीवर दुहेरी चाल टाकतात. रिसीव्हर आत वळल्यासारखं करतो, क्वार्टरबॅक हात झटकतो, कॉर्नर झेपावतो आणि मागे कोणी उरत नाही. त्याचं प्रत्येक इंटरसेप्शन बघून झाल्यावर त्याच प्रकारच्या झेपेने दिलेले मोठे पासही शोधा. दोन्हींचा हिशेब एकत्र मांडला तरच खरं चित्र दिसतं.

पायरी ५ : चेंडू येतो तेव्हा

बरोबरीने धावणारा कॉर्नर आणि एक पाऊल मागे पडलेला कॉर्नर यांनी करायच्या गोष्टी वेगळ्या आहेत. खांद्याला खांदा लागलेला असेल तर डोकं वळवून चेंडू शोधायचा आणि स्वतः रिसीव्हर व्हायचं. मागे पडला असेल तर मागे बघायचं नाही. आधी अंतर भरायचं, रिसीव्हरचे हात वर जाताना बघायचे आणि त्या दोन हातांच्या मधून आपला हात घालायचा. मागे असताना डोकं वळवणारा खेळाडू वेग गमावतो. पुढे असूनही न वळणारा दंड ओढवतो. हे घाबरणं आहे की न शिकलेलं तंत्र आहे, ते तुम्हाला चार सामन्यांत कळेल. तंत्र असेल तर सुधारतं.

सिनसिनाटीचा सॉस गार्डनर बघितला तेव्हा हे सगळं एकत्र दिसायचं. सहा फूट तीन इंच उंची, साडेतेहतीस इंचांचे हात, आणि रिसीव्हरच्या इतका चिकटून धावणारा की लांब हातांना शेवटच्या क्षणी काम करायला नेहमी वाव असायचा. सबंध कॉलेज कारकिर्दीत त्याच्यावर एकही टचडाउन पास झाला नाही. २०२२मध्ये न्यूयॉर्क जेट्सने त्याला चौथ्या क्रमांकावर घेतलं आणि पहिल्याच वर्षी तो ऑल-प्रो झाला.

पायरी ६ : झोन आणि सेफ्टीचं डोकं

झोनमध्ये खेळाडू माणसाला नाही, जागेला बांधलेला असतो. पण नुसत्या जागेवर उभा राहणारा निरुपयोगी. त्याच्या भागात दोन रिसीव्हर आले, एक खोल आणि एक उथळ, तर तो दोघांच्या मध्ये कुठे उभा राहतो? क्वार्टरबॅकचे खांदे वळले की कुठल्या क्षणी निघतो? एक रिसीव्हर त्याच्या हद्दीतून बाहेर जाताना तो बोट दाखवून शेजाऱ्याला सांगतो का? हे बोट दाखवणं, स्नॅपआधी ओरडून जागा बदलायला लावणं फिल्मवर स्पष्ट दिसतं.

सेफ्टीसाठी पहिलं पाऊल बघा. मधोमध खोल उभा असलेला सेफ्टी पास सुटल्यावर किती धावतो यापेक्षा पास सुटायच्या आधी निघाला का, हे महत्त्वाचं आहे. नोत्र दामचा काइल हॅमिल्टन सहा फूट चार इंचांचा होता. २०२२च्या कम्बाइनला त्याने ४.५९ सेकंद घेतले आणि पहिल्या पाचांत बोलला जाणारा हा खेळाडू चौदाव्या क्रमांकापर्यंत घसरला. फिल्मवर तो मैदानाच्या विरुद्ध बाजूने येऊन साइडलाइनजवळचे पास उचलत होता, कारण त्याने खेळ आधीच वाचलेला असायचा. बॉल्टिमोरने त्याला कधी खोल, कधी स्लॉटमध्ये, कधी रेषेवर वापरलं. २०२३मध्ये तो ऑल-प्रोच्या पहिल्या संघात होता.

उलट बाजूही तपासा. प्ले-ॲक्शनवर, म्हणजे धावेचं सोंग करून टाकलेल्या पासवर, सेफ्टी किती वेळा पुढे ओढला जातो? कॉलेजचे संघ धाव आणि पास एकाच स्नॅपमध्ये गुंफतात, त्यामुळे सेफ्टीला फसवणं सोपं जातं. एकदा फसणं समजू शकतं. एकाच मालिकेत त्याच रचनेवर दोनदा फसला तर नोंद करा.

पायरी ७ : टॅकल

यात तीन गोष्टी बघा. त्याला टॅकल करायचंय का, तो योग्य कोनातून येतो का, आणि शेवटचं पाऊल टाकताना थबकून तोल सांभाळतो का. पहिल्या गोष्टीला पर्याय नाही. ब्लॉकमागे लपणारा, धावपटू जवळ आला की संथ होणारा कॉर्नर बघितला की एनएफएलचे आक्रमणाचे प्रशिक्षक मुद्दाम त्याच्या बाजूलाच धावा टाकणार हे समजा. इलिनॉयचा डेव्हन विदरस्पून जेमतेम १८० पौंडांचा होता, पण स्क्रीन पासवर ब्लॉकरला फोडून तो धावपटूवर आदळायचा. सिएटलने त्याला २०२३मध्ये पाचव्या क्रमांकावर घेण्यात या वृत्तीचा वाटा मोठा होता. वजन कमी असलं की टॅकल कमकुवत, असं सरसकट समीकरण मांडू नका. कोन आणि इच्छा बघा.

उशिराच्या फेऱ्यांतल्या खेळाडूसाठी पंट आणि किकऑफचे स्नॅपही पाहायला हवेत. ड्राफ्टच्या पाचव्या-सहाव्या फेरीतला डिफेन्सिव्ह बॅक पहिल्या वर्षी संघात टिकतो तो बहुतेकदा याच कामावर.

पायरी ८ : मोजमाप, फिल्म बघून झाल्यावरच

कम्बाइन इंडियानापोलिसमध्ये फेब्रुवारीच्या अखेरीस ते मार्चच्या सुरुवातीला होतो. त्यानंतर कॉलेजांचे प्रो डे (कॉलेजातच होणाऱ्या तशाच चाचण्या) असतात. आकडे आधी बघितले की डोळे तेच शोधायला लागतात, म्हणून फिल्मची वही पूर्ण झाल्यावरच ते उघडा. फिल्म आणि आकडा यांत फरक दिसला तर पुन्हा फिल्मकडे जा.

पूर्ण वेगात धावताना ०.१ सेकंद म्हणजे साधारण एक यार्ड. हा फरक लांब पासवर खरा आहे, पण कॉर्नर सरळ रेषेत ४० यार्ड क्वचितच धावतो. पहिल्या १० यार्डांची वेळ, लांब उडी आणि उंच उडी हे झेपेबद्दल जास्त सांगतात. क्लीव्हलंडची दोन उदाहरणं बोलकी आहेत. २०१०मध्ये त्यांनी फ्लोरिडाचा जो हेडन सातव्या क्रमांकावर घेतला, ज्याची कम्बाइनची वेळ ४.५७ होती. तो तीनदा प्रो बोलसाठी निवडला गेला. २०१४मध्ये त्यांनीच ओक्लाहोमा स्टेटचा जस्टिन गिल्बर्ट आठव्या क्रमांकावर घेतला. ४.३७ची वेळ, उंची आणि शेवटच्या मोसमात ७ इंटरसेप्शन, सगळं होतं. दोन मोसमांनंतर क्लीव्हलंडने त्याला पिट्सबर्गला देऊन टाकलं. बेलरच्या केलन बार्न्सने २०२२मध्ये ४.२३ची वेळ काढली, तरी तो सातव्या फेरीत गेला आणि ज्या कॅरोलिनाने घेतला तिथे मोसम सुरू होण्याआधीच बाहेर पडला.

हातांची लांबी बाहेरच्या कॉर्नरसाठी महत्त्वाची आहे. बरेच संघ ३१ इंचांच्या आसपास रेघ ओढतात. ट्रेंट मॅकडफीचे हात पावणेतीस इंचांचे होते. वॉशिंग्टन विद्यापीठाच्या या खेळाडूला कॅन्सस सिटीने २०२२मध्ये २१व्या क्रमांकावर घेतलं आणि २०२३मध्ये तो ऑल-प्रो झाला. आखूड हातांचा खेळाडू टिकायचा तर त्याची पायांची शिस्त आणि वेळ चोख हवी, आणि मॅकडफीच्या फिल्मवर ती होती. म्हणून आकडा कमी आला की नाव खोडू नका. त्या उणिवेची भरपाई तो कशाने करतो ते शोधा. भरपाई सापडली नाही तर मग खोडा.

पायरी ९ : आकडेवारी, दुखापत, वय, प्रतिस्पर्धी

इंटरसेप्शनची संख्या वर्षागणिक प्रचंड हलते. एलएसयूच्या डेरेक स्टिंगलीने २०१९मध्ये पहिल्याच वर्षी ६ काढली. पुढच्या दोन मोसमांत एकही नाही, आणि २०२१मध्ये पायाच्या दुखापतीमुळे तो तीनच सामने खेळला. ह्यूस्टनने तरीही त्याला २०२२मध्ये तिसऱ्या क्रमांकावर घेतलं, आणि २०२४मध्ये तो ऑल-प्रोच्या पहिल्या संघात होता. त्यापेक्षा त्याच्याकडे किती वेळा पास टाकला, किती अडवले आणि कव्हरेजच्या दर स्नॅपमागे किती यार्ड गेले, हे आकडे थोडे स्थिर असतात.

लहान कॉलेजच्या खेळाडूसाठी अलाबामातल्या मोबिल इथे होणारा सीनियर बोल हा ड्राफ्टआधीचा सामना मोठी संधी असते. टोलेडोचा क्विन्यन मिचेल २०२४मध्ये तिथे मोठ्या कॉलेजांच्या रिसीव्हरना पुरून उरला आणि फिलाडेल्फियाने त्याला २२व्या क्रमांकावर घेतलं. तिथल्या एकास-एक सरावाचे व्हिडिओ बघताना एक लक्षात ठेवा. क्वार्टरबॅकवर दबाव नसतो, सगळं मैदान रिसीव्हरला मोकळं असतं, म्हणजे डाव रिसीव्हरच्याच बाजूने झुकलेला असतो. तिथे हरलेले पास मोजू नका, किती वेळ बरोबरीने राहिला ते मोजा.

दुखापतींची खरी माहिती फक्त संघांच्या डॉक्टरांकडे असते. आपण चुकलेले सामने आणि जाहीर झालेल्या शस्त्रक्रिया नोंदवायच्या आणि तिथेच थांबायचं. वय जरूर बघा. कोविडमुळे मिळालेल्या जादा वर्षाने अनेक खेळाडू चोवीस-पंचविशीत ड्राफ्टला आले. चोविसाव्या वर्षी अठरा-एकोणीस वर्षांच्या रिसीव्हरवर गाजवलेली हुकमत एकविसाव्या वर्षीच्या हुकमतीइतकी वजनदार नसते. जागेवरचा अनुभवही बघा. रिचर्ड शर्मन स्टॅनफर्डमध्ये आधी रिसीव्हर होता, कॉर्नर म्हणून त्याची दोनच वर्षं झाली होती, आणि २०११मध्ये सिएटलने त्याला पाचव्या फेरीत १५४व्या क्रमांकावर घेतलं. इतक्या कमी अनुभवावर दिसणाऱ्या चुका जुन्या कॉर्नरच्या चुकांपेक्षा हलक्या हाताने मोजायच्या असतात.

पायरी १० : अहवाल लिहा

अहवाल एका पानाचा असावा. काम कुठलं, कुठल्या रचनेत, पहिल्या वर्षी काय करू शकेल, तिसऱ्या वर्षी काय, आणि कशामुळे फसू शकेल. आयोवाच्या कूपर डिजीनचं उदाहरण घेऊ. २०२४च्या ड्राफ्टआधी त्याच्यावर पान लिहायचं तर ते असं झालं असतं:

‘सहा फूट, दोनशे पौंडांच्या थोडं वर. बहुतेक स्नॅप बाहेरचा कॉर्नर, पण झोनच्या रचनेत. २०२२मध्ये ५ इंटरसेप्शन, त्यांतली ३ टचडाउनपर्यंत. झेपेची वेळ क्वार्टरबॅक वाचून साधलेली. टॅकल भरवशाचं. पंट परत आणण्यात धोकादायक. प्रेस-मॅनचे स्नॅप कमी, त्यामुळे वेगवान रिसीव्हरबरोबर खोल धावताना कंबर किती मोकळी राहते याचा पुरावा अपुरा. नोव्हेंबर २०२३मध्ये पायाचं हाड मोडलं, कम्बाइनला धावला नाही. काम : झोन जास्त खेळणाऱ्या संघात निकेल, गरजेला सेफ्टी. पहिल्या वर्षी स्लॉट आणि स्पेशल टीम (पंट-किकऑफ). धोका : बाहेर एकट्याला सोडून मॅन खेळायला लावलं तर.’

फिलाडेल्फियाने त्याला ४०व्या क्रमांकावर घेतलं, मोसमाच्या मध्याकडे निकेलला उभं केलं, आणि फेब्रुवारी २०२५च्या सुपर बोलमध्ये, स्वतःच्या बाविसाव्या वाढदिवशी, त्याने पॅट्रिक माहोम्सचा पास उचलून टचडाउन केलं. झोनमध्येच, क्वार्टरबॅककडे नजर ठेवून.

अहवालावर तारीख घाला आणि ड्राफ्टनंतर त्यात एक अक्षरही बदलू नका. कुठल्या संघाने घेतलं आणि ते मॅन जास्त खेळतात की झोन, हे खाली वेगळ्या शाईने लिहा. तीन मोसमांनंतर तो कागद आणि त्याच्या एनएफएलमधल्या दोन सामन्यांची फिल्म शेजारी ठेवून चौथा रकाना पुन्हा भरा. कंबरेबद्दल लिहिलेलं ओळ न् ओळ तपासा. तिथे अंदाज बरोबर येऊ लागले की पुढच्या वर्षीच्या यादीतले खेळाडू निवडायला घ्या. त्यांचे पहिले सामने ऑगस्टच्या शेवटी सुरू होतात.